मामांचा देव आणि पाव्हण्यांचं मटण

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, देव कोणाला म्हणावे या प्रश्नाचा निकाल निमोण्याच्या जत्रेत, शाळेच्या पटांगणातल्या स्टेजवर, उन्हं उतरता उतरता लागलेला आहे. हा निकाल मटणाच्या संदर्भात लागला, याची विद्वानांनी नोंद घ्यावी.

माझे धाकटे मामा निमोण्याचे. कांदा लावतात, ऊस लावतात आणि जत्रेच्या नाटकात देव होतात. मिसरूड फुटल्यापासून होत आलेत. आमच्याकडे देवाचं सोंग घेणाऱ्यानं नेम पाळायचा असतो. तालमीचा नारळ फुटला की मटण-मासे बंद, पायात चप्पल नाही, झोप जमिनीवर आणि तोंडात शिवी नाही. जत्रा उठली की सुटका. मामांना बाकी सगळं जमतं, शिवीचं तेवढं अवघड जातं. म्हणून त्या दिवसांत विहिरीवरची मोटार बंद पडली, तर ते स्वतः जात नाहीत, मामींना पाठवतात.

यंदा नाटक मी लिहिलं. मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत आहे, आणि कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर अद्भुत राज्यांच्या कादंबऱ्या वाचायचा मला नाद आहे. त्यांतले देव भलतेच असतात. दारू पितात, हरतात, म्हातारे होतात, एखादा तर चक्क मरतो. म्हटलं, आपणही एक कोरा करकरीत देव काढावा. माझ्या देवाला ना देऊळ, ना आरती, ना वाहन. मामांना तो आवडला. नारळ फुटला, नेम सुरू झाला.

आणि मग खुटबावहून निरोप आला.

खुटबाव म्हणजे मामांच्या लेकीचं सासर, नदीपलीकडे, दौंड तालुक्यात. लग्नात एक गोष्ट घडली होती. मानाचे फेटे बांधायच्या वेळी मामांचे व्याही भांड्यांचा टेम्पो वाट चुकला म्हणून फाट्यावर गेले होते. परत आले तेव्हा फेटे संपले होते, आणि मुलाच्या बापाच्या डोक्यावर टोपी पडली. तेव्हापासून व्याह्यांनी मामांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. मामांची लेक माहेरी यायची ती एकटीच, एसटीनं.

आता त्याच व्याह्यांनी जावयाकडून सांगावा धाडला होता: "यंदा तुमचा देव बनावट हाय असं ऐकलं. म्हंजी नेमाची अडचण न्हाई. जत्रेदिवशी नाटक झालं की न्यायला येतो. बोकड ठरवलाय."

मामांनी फोन ठेवला आणि मला बोलावणं धाडलं. मी गेलो तेव्हा ते ओसरीवर सुकल्या बोरासारखं तोंड करून बसले होते.

"भाच्या, न्हाई म्हनलं तर पोरीचं दार पुन्हा बंद. व्हय म्हनलं तर नेम मोडतो. तू केलास हा देव, तूच सांग. हा खरा देव हाय का न्हाई?"

"मामा, महिन्यापूर्वी तो नव्हताच."

"मारुतीचं देऊळबी कधी तरी नव्हतंच की!"

 मग मी पुराण काढलं. एका स्वयंवरात देव नवरदेवाचंच रूप घेऊन उभे राहतात, आणि राजकन्या त्यांना बरोबर ओळखते. देवांची पापणी लवत नाही, घाम येत नाही, गळ्यातली माळ सुकत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. मी मामांना झेंडूची माळ घालून अंगणात उन्हात उभं केलं. पापणी लवली. घाम आला. माळेतली फुलं माना टाकू लागली. पाय तर असे टेकले होते की भेगांतून मुंग्या जात होत्या.

"झालं! तुम्ही माणूस!" मी जाहीर केलं.

"आरं, मी माणूस हाय ते मला ठाऊक हाय," मामा म्हणाले. "मी मुकुट घातल्यावरचं इचारतोय."

शेवटी प्रश्न आमच्या असुराकडे गेला. हा माझा कंपनीतला शिफ्टचा जोडीदार, दौंडचा. बौद्ध आहे, देव-बिव काही मानत नाही, पण आवाज असा गडगडाटी की मीच त्याला आमच्या नाटकात ओढला. तेव्हापासून दरवर्षी मामांच्या हातून मरतो. तालमीला आला तो ऑम्लेट-पाव खातच आला.

"राक्षसाला नेम नाही, हे मला तुमच्या नाटकातलं सगळ्यात आवडतं," तो म्हणाला. मग हात पुसून न्यायाधीशासारखा बसला. "बघा मामा. अमर म्हणाल, तर तुमचे देव अमृत पिऊन अमर झाले. म्हणजे आधी नव्हते. ताकद म्हणाल, तर पहिल्या अंकात मीच तुम्हाला दरवर्षी बदडतो. मी यातलं कुणाला मानत नाही, पण समोर उभा राहून एक बघितलंय. राक्षस तप करतो आणि मागतो. देव मागत नाही, त्याच्याकडं मागतात. लोक ज्याच्याकडं मागायला येतात, तो देव."

"म्हंजी माझ्याकडं कुणी काय मागितलंच न्हाई तर?"

"तर तुम्ही नुसते मुकुट घातलेले मामा."

"आन् मटण?"

"खुशाल."

पण निमोण्याचे लोक मागणार नाहीत, हे कसं शक्य होतं? दरवर्षी नाटक संपता संपता माणसं स्टेजपाशी येतात, मामांच्या पायावर पोरं घालतात, पाऊस मागतात. एकदा एकानं कांद्याला भाव मागितला, तेव्हा मामा देवपण विसरून ओरडले होते, "मलाच कुठं मिळतोय!"

म्हणून मी देव बदलला. कुरकुंभच्या बसमध्ये बसून त्याला असा घडवला की कोणी त्याच्या वाऱ्याला उभं राहू नये. हा देव वर देतो, पण चुकीचा. पाऊस मागितला की वारा सोडतो, झोप मागितली की खोकला देतो. मामा खूश. मीही खूश. असुरानं नुसती मान हलवली.

जत्रेत नाटक असं रंगलं की बायकांनी पदर तोंडाला लावले. पहिल्या रांगेत खुटबावचे व्याही बसले होते. ताठ. डोक्यावर लग्नातली तीच टोपी. शेवटी असुर धाडकन पडला, मामांनी हात वर केला, आणि मी पडद्याआडून पटांगणाकडे बघत राहिलो. एक आजी नातवाला कडेवर घेऊन निघाल्या. माझा जीव टांगणीला. पायरीपाशी थबकल्या, मामांकडे नीट बघितलं आणि माघारी वळल्या.

"ह्याच्याकडं नगं बाई, खोकला द्यायचा!"

पटांगण हसलं. मामांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की खऱ्या देवाला येणार नाही. मटण आता त्यांच्या डोळ्यांतच दिसत होतं.

आणि तेवढ्यात व्याही उठले. त्यांनी चपला काढल्या. टोपी काढून काखेत धरली. एकेक पायरी चढून वर आले आणि मुकुटातल्या मामांसमोर उभे राहिले. हात जोडलेले.  इतक्या दिवसांचा अबोला होता, पण आता ते तोंड उघडणार असं दिसत होतं.

मेलेल्या असुरानं एक डोळा उघडला आणि दबक्या आवाजात मला म्हणाला, "अडव त्यांना, मागतायत!"

मी धावलो. उशीर झाला होता. व्याही मामांच्या पायांवर वाकले, आणि मामांच्या छातीवरचा माइक चालू असल्यामुळे सगळ्या गावाला ऐकू गेलं:

"देवा, मटण चुलीवर चढलंय, तुमची लेक दारात वाट बघतीय, आता तेवढं माणूस होऊन चला!"