राजा पोतं तपासतो

तळेगावच्या (श्यामजी पंत) रूपराव कालोकरांनी देवगिरी एकतीस वेळा गमावली आहे. तान्ह्या पोळ्याला बाजाराच्या मैदानात गावचं नाटक होतं, त्यात ते रामदेवराय यादव व्हायचे. खिलजी गडाला वेढा घालतो, धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती फोडली जातात, आत मीठ निघतं, राजा मुकुट उतरवतो आणि लोक चहाला उठतात.

बाकीचं वर्ष रूपराव कारंज्याच्या धान्यबाजारात असतात. पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसायची, आतलं धान्य तळहातावर घ्यायचं आणि काय आहे ते लिलावाआधी मोठ्याने सांगायचं, हे त्यांचं काम. हातात येईल तेच तोंडात, एवढा एकच नियम त्यांनी पाळला. एकदा सख्ख्या साळ्याच्या तुरीत खडे निघाले, तेही त्यांनी सांगितले. त्यानंतर दोन वर्षं त्यांच्या बायकोचं, शकुबाईंचं, माहेर बंद होतं.

राजा पोतं न तपासताच गडावर घेतो, हे त्यांना पहिल्या वर्षापासून खटकत आलं. खिलजीबद्दल तक्रार नव्हती. ‘तो त लढालेच आलता,’ ते म्हणत. ‘आपला मानूस काय पाहून राह्यलता?’

गेल्या वर्षी नाटकाचा कारभार मोबाइल दुकानवाल्या सचिनकडे आला. पहिल्याच बैठकीत त्याने सांगितलं, या खेपेला राजा जिंकणार.

‘काऊन?’ रूपरावांनी विचारलं.

‘काका, पोट्ट्यायनं दरसाल हारच पाहावं का?’

‘देवगिरी पडली ना, बाबू.’

‘पडली असन. तळेगावात नाई पडनार. तुमाले जमत नसन त मुकुट मले द्या.’

मुकुट पत्र्याचाच, पण तीस वर्षांत तो रूपरावांच्या डोक्याच्या मापाचा झाला होता. घरी शकुबाई म्हणाल्या, ‘जिंका नं एकदाचे. तुमचं काय जाते?’

रूपरावांनी दोन दिवस विचार केला आणि एक अट घातली. राजा जिंकेल, पण पोतं तपासून जिंकेल. वेढा पडण्याआधी, सगळ्यांसमोर, नळी खुपसून. आत चणा निघेल, गड वर्षभर तग धरेल, खिलजी कंटाळून परत जाईल. सचिनला यात काही अडचण दिसली नाही. तालमींत पोत्याच्या जागी रिकामी खुर्ची होती.

पोती किराणावाले बंडूजी देतात. दरवर्षी दोन पोती खडेमीठ, नाटक झालं की माल परत दुकानात. राजा जिंकणार हे गावभर झालं होतं. पोत्यात या वेळी काय भरायचं, हे बंडूजींना सांगायचं काम मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

तान्ह्या पोळ्याला चार वाजता पोरं लाकडी बैल घेऊन जमिनीवर बसली. मागे खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बंडूजी होते आणि रूपरावांनी मुद्दाम बोलावलेले कारंज्याचे तीन अडते. रामदेवराय मुकुट सावरत आले, कमरेची नळी काढली, पोत्यात खुपसली आणि तळहात पुढे केला.

हातात खडेमीठ आलं.

पडद्याआडून सचिन म्हणाला, ‘चना म्हना, काका. चना.’

पण तळहात सवयीने अडत्यांकडे गेला होता आणि अडते सवयीने वाकून पाहत होते.

‘मीठ आहे,’ राजा म्हणाला.

‘दुसरं पाहा दुसरं,’ सचिन म्हणाला.

रूपरावांनी दुसरं पाहिलं. ‘हेही मीठ.’

‘एकच माल हाये दोन्हीत,’ बंडूजी खालून म्हणाले. ‘कालच आला.’

खिलजी झालेला धीरज, म्हणजे बंडूजींचा पुतण्या, बाजूला उभा होता. नव्या खेळात त्याला कंटाळून परत जायचं होतं. मीठ निघाल्यावर राजाने दरवर्षीसारखा मुकुट उतरवला; ते पाहून धीरजला जुनं भाषण आठवलं, आणि त्याने देवगिरी घेतली. वेढा गळाल्यामुळे नाटक पाऊण तास लवकर संपलं. चहा तयार नव्हता.

‘नुसतं चना म्हनाले काय झालतं?’ सचिनने विचारलं.

‘होता का चना?’ असं म्हणून रूपरावांनी मुकुट त्याच्या हातात दिला.

यंदा सचिन राजा झाला आणि जिंकला. टाळ्या भरपूर पडल्या. मुकुट दोनदा नाकावर आला. रूपराव खेळाआधी वर चढून दोन्ही पोत्यांत नळी घालून आले आणि मग बंडूजींशेजारी जाऊन बसले.

घरी शकुबाईंनी विचारलं, ‘कसं झालं?’

‘चना बरा होता,’ रूपराव म्हणाले. ‘थोडी ओल होती.’