सुवर्णाकाकूंचा डावा हात

शैलेंद्र केतकर हा माणूस तसा वाईट नाही, पण त्याला मत असतं. आणि मत एकदा झालं की ते पोटात ठेवायची सोय देवानं त्याला दिलेली नाही. मूळचा पुण्याचा म्हटल्यावर हे वेगळं सांगायला नको. गेली अठरा वर्षं तो टेक्सासमधल्या फ्रिस्कोत राहतो, दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतो आणि उरलेला वेळ बेसबॉलला वाहतो. क्रिकेट सुटलं का, असं कुणी विचारलं तर म्हणतो, "सुटलं नाही रे, पण इथे आकडे जास्त मिळतात."

त्याचा मित्र कुमार नागपूरचा. बेसबॉलबद्दल कुमारचं मत काय, हे कळायला आधी शैलेंद्रचं मत ऐकावं लागतं, कारण कुमारचं बरोबर त्याच्या उलट असतं. पंधरा वर्षांची मैत्री या एकाच पायावर भक्कम उभी आहे. दरवर्षी मार्चमध्ये हे दोघं चार दिवस सुट्टी टाकून ॲरिझोनाला जातात. शैलेंद्रची बायको दीपा याला 'तुमचं माहेरपण' म्हणते आणि बरोबर बाकरवडीची पाकिटं भरून देते.

खरा सीझन सुरू होतो मार्च संपता संपता. त्याआधी महिनाभर टीम्स तिथल्या उन्हात सराव सामने खेळतात. त्यांची हारजीत कुठेच धरत नाहीत. पण एकेका टीमकडे खेळाडू असतात साठ-सत्तर आणि जागा असतात सव्वीस, तेव्हा कुणी राहायचं आणि कुणी घरी जायचं हे याच महिन्यात ठरतं. म्हणजे सामना लुटुपुटीचा आणि पोट मात्र खरं. वाद घालायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

यंदा दोघांना कॅचरच्या, म्हणजे इथल्या विकेटकीपरच्या, बरोबर मागे, सहाव्या रांगेत जागा मिळाली होती. पुढच्या रांगेत एक बाई एकट्याच बसल्या होत्या. डोक्यावर परातीएवढी गवती हॅट, अंगात उन्हासाठी घातलेलं लांब बाह्यांचं जाकीट. ही कुणातरी खेळाडूची मेक्सिकन आजी असणार, असं शैलेंद्रनं ठरवून टाकलं. ठरवलं म्हणजे ठरवलं.

परदेशात राहून मराठी माणसाला एक वाईट खोड लागते. आपली भाषा आपल्याशिवाय कुणाला कळतच नाही, अशी त्याची पक्की समजूत होते. मग लिफ्टमध्ये, दुकानात, बिलाच्या रांगेत तो समोरच्याबद्दल समोरच्याच्या तोंडावर खुशाल बोलतो, आणि चेहरा असा ठेवतो की जणू हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. शैलेंद्रचा तर यात हातखंडा होता.

पाचव्या इनिंगनंतर नेहमीप्रमाणे अर्धी टीम बदलली. निवेदकानं सात-आठ नावं एका दमात उरकली, ती कुणी ऐकली नाहीत. नवा पिचर, म्हणजे इथला बोलर, आला तो एक्क्याण्णव नंबरचा. सरावाच्या शर्टवर मागे नाव नसतं, आणि शैलेंद्रच्या हातातल्या छापील यादीत एक्क्याण्णव नंबरच नव्हता. उंच, दाढीवाला, उन्हानं रापलेला गडी. पहिल्या बॅटरनं त्याचा चेंडू थेट मैदानाच्या भिंतीवर आपटला. दुसऱ्याला त्यानं चार वाईट चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवलं. तिसऱ्यानं चेंडू भिंतीपलीकडे घालवून होमरन मारला आणि एका फटक्यात तीन रन झाले.

"संपला हा," शैलेंद्र म्हणाला. "अरे, बॉल तरी बदल ना! परत परत तोच टाकतोय. मधोमध आला की मार खातोय."

"अबे, नेट प्रॅक्टिस आहे हे," कुमार म्हणाला. "काहीतरी ट्राय करून राहिला असेल."

"दोन आठवड्यांत सीझन सुरू होतोय, आता कसलं ट्राय? आकडा बघ यार, आकडा खोटं बोलत नाही." एव्हाना आणखी दोन फटके बसले होते आणि शैलेंद्रला चांगलाच रंग चढला होता. "वय बघ त्याचं. तिशीला आला असेल. खरं म्हणजे अशा माणसाला त्याच्या आईनंच वेळेवर सांगायला हवं होतं. बाळा, पुरे झालं. नोकरी बघ."

कुमार हसला. शैलेंद्रला मग पुढच्या बाईंचा हात दिसला. पिचरनं चेंडू सोडला की त्यांचा डावा हात मांडीवरून जरासा उठायचा आणि चटकन मिटायचा. "आणि आजीबाईंना कंपवात झालाय बहुतेक," तो म्हणाला. "या उन्हात कशाला आणतात कोण जाणे."

इनिंग संपली. बाईंनी हॅट काढली, तिनंच थोडा वारा घेतला आणि मागे वळल्या. पांढरे केस, कपाळावर बारीक टिकली.

"सांगितलं होतं मी," त्या म्हणाल्या. "दोनदा."

शैलेंद्रला घाम फुटला, आणि तो ॲरिझोनाच्या उन्हाचा नव्हता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा खरोखर वाटलं. "काकू, सॉरी... म्हणजे आम्हाला वाटलं..."

"मेक्सिकन वाटले ना? इथे सगळ्यांनाच वाटते." त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "आकडे बरोबर आहेत हो तुमचे. चार हिट, तीन रन. मीही मोजून राहिले होते." मग त्या कुमारकडे वळल्या. "आणि तू नागपूरचा. कुठला?"

"धरमपेठ, काकू," कुमार शाळेत उभं केल्यासारखा म्हणाला.

"मी महालातली. या, पुढे येऊन बसा दोघं. तो परत येणार आहे बॉल टाकायला."

दोघं मुकाट्यानं पुढच्या रांगेत जाऊन बसले. बाईंचं नाव सुवर्णा. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या, योगायोगानं त्याही फ्रिस्कोतच स्थिरावल्या, एका शाळेच्या कँटीनमध्ये वीस वर्षं नोकरी केली. एक्क्याण्णव नंबर हा त्यांचा एकुलता एक मुलगा आर्य, वय अठ्ठावीस. कोपरावर दोन ऑपरेशनं झालेली. प्रत्येक ऑपरेशननंतर काकूंनी त्याला जवळ बसवून, शैलेंद्रनं म्हटलं अगदी तेच म्हटलं होतं. बाळा, पुरे. दोन्ही वेळा तो नुसता हसला होता. आता आजच्या खेळावर निकाल होता. उद्या सकाळी मॅनेजर एकेकाला आत बोलावणार होते.

"आणि काका नाही आले?" कुमारनं विचारलं.

"मोरेश्वर? त्याला बघवतच नाही. आर्य बॉल टाकायला उभा राहिला की गराजमध्ये जाऊन बसतो आणि मी फोन करेपर्यंत बाहेर येत नाही." त्या हसल्या. "आर्य नऊ वर्षांचा होता तेव्हा मोरेश्वर कन्सल्टंट. सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी घरी. मग याचे बॉल पकडायचे कुणी? शेजारचा एक भला माणूस आला होता दोन दिवस. कॅचरसारखं खाली बसवेना त्याला, दहा मिनिटांत गुडघे धरले. म्हटलं, एवढंच ना? आपलं तर अर्धं आयुष्य उकिडवं बसण्यात गेलं. भाजी निवडली, फरशी पुसली, परसात भांडी घासली. मी तासभर बसेन."

जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी कॅचरचा ग्लोव्ह आणला आणि शाळेतून आल्यावर रोज मागच्या अंगणात बसल्या. आठ वर्षं. आर्यनं शिकलेला प्रत्येक नवा चेंडू आधी आईच्या हातात आला. त्याचे कोच बदलले, टीम्स बदलल्या, कॅचर बदलला नाही.

"आणि थांबलात कधी?" शैलेंद्रनं विचारलं.

काकूंनी डावा हात उलटा करून त्याच्यापुढे धरला. तर्जनी मधल्या पेरापाशी वाकडी झालेली, तळव्याच्या वरच्या भागाला जाड, पिवळट घट्टा. "सतरा वर्षांचा होता. ताशी पंच्याऐंशी मैलांचा बॉल. बोट मोडलं ते मी सांगितलंच नाही. पट्टी बांधून पाच दिवस तशीच बसले. पोळ्या लाटताना त्यानं पाहिलं. इतका रडला, इतका रडला! म्हणाला, नेव्हर अगेन, आई. तेव्हापासून अकरा वर्षं एक बॉल टाकला नाही मला."

कंपवात म्हणालो आपण, एवढंच शैलेंद्रच्या डोक्यात घुमत राहिलं.

आर्य पुन्हा मैदानात आला. काकूंनी सांगितलं, की मघाशी तो परत परत टाकत होता तो चेंडू नवा होता. स्प्लिटर म्हणतात त्याला. दोन बोटांत रुतवून टाकायचा. सरळ येतोय असं वाटतं आणि बॅटरपाशी आला की पायाखालची पायरी निसटावी तसा खाली पडतो. आपल्या पहिल्या इनिंगमध्ये काहीही झालं तरी हाच टाकायचा, असं कोचनं बजावलं होतं. आता मात्र तो मनासारखं टाकायला मोकळा होता.

काकूंनी डोळे मिटले.

"काकू, बघणार नाही?"

"हातानं कळते."

मग जे झालं ते शैलेंद्र आजही नीट सांगू शकत नाही, आणि त्याला सांगता येत नाही अशा गोष्टी फार थोड्या आहेत. काकूंचा हात उठायचा, मिटायचा, आणि त्याच क्षणाला खाली कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू थाडकन वाजायचा. त्याच क्षणाला, पुढे नाही की मागे नाही. कधी हात छातीशी मिटला, कधी डावीकडे गेला. एकदा तो सरळ वर येऊन अचानक गुडघ्याशी उतरला, तेव्हा शैलेंद्रनं समोर पाहिलं तर बॅटर हवेत बॅट फिरवून स्वतःभोवती वळला होता आणि कॅचर जमिनीलगत चेंडू धरून बसला होता. तीन बॅटर आले आणि तिघंही आउट होऊन गेले. कुमार उभा राहून ओरडत होता. शैलेंद्र बसूनच होता, त्या वाकड्या बोटाकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाची मैदानं प्रेक्षकांना खुली असतात. दोघं नऊच्या आतच पोचले. शैलेंद्रनं बाकरवडीचं उरलेलं पाकीट बरोबर घेतलं होतं. माफी मागायची तर रिकाम्या हातानं कशी मागायची? वाटेत दोघांत वाद झाला नाही, कारण दोघांचं एकच मत होतं, आर्य राहणार.

पार्किंगच्या कडेला गवताची पट्टी होती, तिथे काकू भाड्याच्या गाडीला टेकून उभ्या होत्या. आर्य समोरच्या इमारतीतून बाहेर आला. अंगात साधा टी-शर्ट, खांद्यावर भलीमोठी बॅग. आईकडे बघून त्यानं नुसती मान हलवली. टीमनं सोडलं होतं त्याला. तीन आउट छान होते, पण कोपर दोनदा फाडलेलं होतं आणि त्याच्यामागे बावीस वर्षांची पोरं उभी होती. शैलेंद्रला तिथून निघून जावंसं वाटलं. कुमारनं त्याचं मनगट धरून ठेवलं.

काकूंनी आर्यच्या पाठीवरून हात फिरवला. मग गाडीची डिकी उघडून आतून एक ग्लोव्ह काढला. जुना, तेल पाजून पाजून काळा पडलेला. दरवर्षी त्या तो बरोबर आणत असणार आणि तसाच परत नेत असणार.

"नो, आई," आर्य म्हणाला. "नो वे. युअर फिंगर."

"तुझा प्रत्येक बॉल मी पकडला आहे. हा नवा एकच राहिला."

"आई, प्लीज."

काकूंनी ऐकलं नाही. कुंपणाकडे पाठ करून त्या खाली बसल्या, भाजी निवडायला बसावं तितक्या सहज, साठाव्या वर्षी, आणि ग्लोव्ह पुढे धरला. आर्यनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग बॅगेतून चेंडू काढून मागे गेला आणि लहान मुलाला टाकावा तसा हळू टाकला. काकूंनी तो परत फेकला. "हा नाही. कालचा टाक."

त्यानं कालचा टाकला. अगदी पूर्ण जोर नव्हता, पण चेंडू सरळ आला, सरळ आला आणि पडला. ग्लोव्ह खाली गेला. थाड! काकूंनी मिटलेला ग्लोव्ह उघडून आतल्या चेंडूकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की शैलेंद्रला तिथेच वाकून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. इतका मोठा खेळ आपण इतकी वर्षं बघतोय आणि यातलं आपल्याला काहीच माहीत नव्हतं, या विचारानं त्याचे डोळे भरून आले. चेंडू येत राहिले, जात राहिले.

"किती झाले बे?" कुमारनं हळूच विचारलं.

"मोजले नाहीत," शैलेंद्र म्हणाला.

आर्य थांबला. बाहीनं तोंड पुसत आईजवळ आला. "आय थिंक आय'म डन, आई," तो म्हणाला. "यू वेअर राइट. पुरे."

काकू उठल्या नाहीत. "दोनदा म्हटलं तेव्हा ऐकलंस का माझं?" त्यांनी चेंडू त्याच्या हातात ठेवला आणि ग्लोव्हवर उजव्या हाताची मूठ आपटली. "आता मी कुठे म्हणते आहे पुरे? जा मागे. अजून एक टाक."

आर्यनं आईच्या हाताकडे पाहिलं, चेंडू दोन बोटांत रुतवला आणि मागे चालत गेला.