नॅडीन प्रुइट आणि हिरवं कापड

ज्या दिवशी कॉलेजच्या सरावाच्या मैदानाला हिरवं कापड लागलं, त्या दिवशी नॅडीन प्रुइटच्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि नॅडीनच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे दृश्य आमच्या टॅलबर्टमध्ये तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. शाळेची पिवळी बस चालवणारी बाई ती. मागं पोरं बोंबलत असायची, ही आरशात नुसती एक नजर टाकून म्हणायची, "ए, बूड टेक!" आणि ते बूड टेकलं जायचं. आज गावात बँकेत, दवाखान्यात, चर्चच्या पहिल्या बाकावर जी माणसं ऐटीत बसतात, त्यातली निम्मी तिच्या बसमध्ये ओकलेली आहेत, आणि ते तिनं स्वतः पुसलेलं आहे.

पण त्या दिवशी ती घडीची खुर्ची काखेत धरून कुंपणापुढं उभी राहिली आणि बघतच राहिली. जाळीच्या कुंपणाला वरपासून खालपर्यंत हिरवं कापड ताणून बांधलेलं. आतून शिट्टी ऐकू येत होती, पोरांच्या धडका ऐकू येत होत्या, आणि दिसत काही नव्हतं.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय, असं बाहेरगावचा कुणी विचारील. त्याला सांगायला हवं. आमचा फुटबॉल अमेरिकेतला, हेल्मेट घालून धडका मारायचा. त्याचा शनिवारचा सामना तिकीटवाल्यांचा असतो, पण आठवडाभराचा सराव मात्र आमच्याकडं सगळ्या गावाचा होता. दुपार कलली की कुंपणाशी खुर्च्या मांडायच्या, उकडलेल्या शेंगांची पिशवी फिरवायची आणि कॉलेजच्या पोरांना यथेच्छ नावं ठेवायची. नॅडीनला तिच्या वडिलांनी खांद्यावर बसवून तिथं नेलं होतं. पुढं रॉयशी तिचं जमलं तेही त्याच कुंपणाशी. तो कागदाच्या गिरणीतून सुटून यायचा, अंगाला गंधकाचा वास, आणि तिच्या पिशवीतल्या शेंगा न विचारता खायचा. लग्नानंतरही तो तेच करत राहिला.

त्यांचा मुलगा कॉय. एकुलता. अंगानं बेताचा, पण अंगात रग अशी की आपल्या दुप्पट गड्याला धडकून वर त्याला हात देऊन उठवायचा. कॉलेजनं त्याला खेळाडू म्हणून बोलावलं नव्हतं. तो आपण होऊन गेला, फी स्वतः भरली आणि दारात उभा राहून म्हणाला, मला संघात घ्या. घेतलं, पण कशासाठी? सोंगासाठी. प्रत्येक संघात अशी काही पोरं असतात. येत्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे, त्यांच्या खेळाडूंचं सोंग यांनी घ्यायचं, त्यांचे नंबर अंगावर चढवायचे, त्यांच्यासारखं पळायचं, आणि आपल्या खऱ्या खेळाडूंचा मार खायचा. सामन्याच्या दिवशी मात्र ही पोरं कडेला उभी. कॉय तीन वर्षं असाच उभा होता. सामन्यात एक क्षणही मैदानात पाय नाही.

म्हणजे सांगा बघू, नॅडीननं आपल्या मुलाला खेळताना बघायचं कुठं? सरावात. तेवढीच जागा. पहिल्या वर्षी रॉय होता, दोघांनी मिळून बघितलं. रॉय ओरडायचा, "अरे, आज हा टेनेसीचा झाला वाटतं! ठोक त्याला, ठोक!" आणि कॉयला खरंच कुणी ठोकलं की स्वतःच कळवळायचा. त्या हिवाळ्यात रॉय गेला. पुढची दोन वर्षं नॅडीन एकटी आली, दोन खुर्च्या घेऊन. एकीवर ती बसायची, दुसरीवर शेंगांची पिशवी. आणि आता चौथं वर्ष. कॉयचं शेवटचं. त्यानंतर अशा पोराला पुढं कुणी विचारत नाही, फुटबॉल संपला म्हणजे संपला.

आणि नेमक्या या वर्षी हे नवे कोच स्ट्रिकलंड आले, पैशांच्या राशीवर बसून. आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला: सराव बंद. आपले डाव बाहेर फुटतात म्हणे. हेर येतात म्हणे.

"हेर?" म्हातारे मिस्टर होइट खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "मला चेंडू कुठला आणि शेंग कुठली ते कळत नाही. मी कसली डोंबलाची हेरगिरी करणार?"

फाटकातून पहारेकरी बाहेर आला. ड्युई त्याचं नाव. तोही बसमधलाच, मागच्या बाकावरचा. टोपी हातात घेऊन पायांकडं बघत म्हणाला (आमच्याकडं लग्न झालेल्या बाईलाही मानानं 'मिस' म्हणतात), "मिस नॅडीन, इथं आता बसायचं नाही. मला सांगायला लाज वाटते, पण वरून तसं आलंय."

"लाज वाटते तर सांगू नकोस," नॅडीन म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "कुणालाच सोडत नाहीत?"

"कुणालाच नाही, मॅम."

खोटं! साफ खोटं. ड्युईला ठाऊक नसेल, पण पुढच्याच आठवड्यात नॅडीननं बस वळवताना मागच्या फाटकातून छोट्या गाड्यांची रांग आत जाताना पाहिली. त्यात देणगीदार. पहिल्या गाडीत फोंटेन, आमच्या गावात ट्रक विकणारा, पांढरी टोपी, हातात थंडगार ग्लास. त्यानं कॉलेजला व्यायामशाळा बांधून दिली, म्हणून त्याच्यासाठी मैदान उघडं. ज्यांनी कुंपणाशी जन्म काढला ते हेर, आणि ज्यानं ट्रक विकले तो घरचा. याला काय म्हणायचं? मी तर याला चोरी म्हणतो, मग कुणाला राग येवो.

नॅडीन घरी येऊन आदळआपट करायला लागली तेव्हा कॉयनं तिला हात जोडले. "आई, तू काही बोलू नकोस. सोंगाड्याला हाकलायला त्यांना कारणसुद्धा लागत नाही. मी तुला रोज जेवताना सगळं सांगीन ना. आज मी त्यांच्या डावखुऱ्या बारा नंबरचं सोंग घेतलं. त्यांना दोनदा चकवलं."

"जेवण नुसतं सांगून पोट भरतं का रे?"

"आई, तुला माझी शपथ."

मग काय करते? गप्प बसली. सप्टेंबर, ऑक्टोबर, सगळा दातओठ खात काढला. रोज संध्याकाळी मुलाच्या दंडावरचे काळेनिळे वळ बघायची आणि विचारायची, हा कुठल्या डावातला? तो सांगायचा. ती मान डोलवायची. शनिवारी तिकीट काढून जायची, आणि कडेला उभ्या असलेल्या मुलाची पाठ बघून यायची.

नोव्हेंबरात पेट्रोल पंपावर फोंटेन भेटला. माणूस तसा वाईट नाही, नुसता मूर्ख आहे. मोठ्यानं म्हणाला, "अहो मिस नॅडीन! काल तुमच्या पोरानं काय धमाल केली! आमच्या सगळ्यात दांडग्या गड्यानं त्याला असा उडवला की मला वाटलं, मेलं हे पोर. तर उठलं आणि हसायला लागलं! तुम्ही बघायला हवं होतं!"

तुम्ही बघायला हवं होतं. तिच्या तोंडावर म्हणाला हे. नॅडीननं पेट्रोलची नळी जागेवर ठेवली, गाडीत बसली आणि स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या. तिचं पोर मार खाऊन हसतं ते या ट्रकवाल्याला दिसतं, आणि जिनं त्याला जन्म दिला तिला दिसत नाही. शपथ गेली खड्ड्यात.

बुधवारी संध्याकाळी कोच तळलेल्या कोंबडीच्या हॉटेलात बसून रेडिओवर गप्पा मारतात. लोक रांगेनं उभे राहून माईकवर प्रश्न विचारतात, बहुतेक सगळे लाडीगोडीचे. नॅडीन बसच्या जाकिटातच रांगेत उभी राहिली. नंबर आला तशी म्हणाली, "कोच, सराव बंद का?"

"मॅम, जिंकायचं असेल तर आपल्या घराचा दरवाजा लावून घ्यावा लागतो," कोच हसून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"दरवाजा लावलाय कुठं? पुढून लावलाय. मागून ट्रकवाले आत येतात."

टाळ्या थांबल्या. कोचचं हसू तसंच राहिलं, पण जरा आखडलं. "मॅम, शनिवारी या ना. शनिवारी सगळं बघायला मिळतं."

"शनिवारी मला पाठ बघायला मिळते. माझा मुलगा तुमच्या संघात आहे. तो खेळतो ते फक्त सरावात."

"अस्सं! अभिमानाची गोष्ट आहे. कितवा नंबर त्याचा?"

"कुठल्या आठवड्यातला सांगू?" नॅडीन म्हणाली. "मागच्या आठवड्यात तो बारा होता. त्याआधी चव्वेचाळीस. तुम्ही त्याला दर सोमवारी नवीन नंबर देता. नाव मात्र एकच आहे, कॉय प्रुइट. ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

कोंबडी तळायचा आवाज तेवढा येत होता. कोचनं शेजारच्या माणसाकडं बघितलं, त्यानं कानात काहीतरी सांगितलं, आणि मग कोच छाती भरून म्हणाले, "कॉय! आपला कॉय! मॅम, माझा शब्द घ्या. शनिवारी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. तुमचा कॉय त्यात खेळणार!"

सगळं हॉटेल उठून उभं राहिलं. लोक नॅडीनची पाठ थोपटायला लागले. "मी हे मागितलंच नव्हतं," ती म्हणत होती, पण माईक पुढच्या माणसाच्या हातात गेलेला होता.

शनिवार आला. आम्ही पुढं होतो, चांगले पुढं. अगदी शेवटी, घड्याळात काही उरलं नाही तेव्हा, कोचनं हात केला आणि कॉय धावत आत गेला. अंगात स्वतःचा नंबर, पाठीवर स्वतःचं नाव. सगळं स्टेडियम ओरडलं. आणि खेळ काय झाला? आपल्या गड्यानं चेंडू घेतला आणि एक गुडघा जमिनीला टेकवला. बस. वेळ काढायचा तो डाव. कुणी कुणाला हात लावत नाही, कुणी पळत नाही. समोरच्या संघातली पोरंसुद्धा कमरेवर हात ठेवून उभी होती. शिट्टी झाली, सामना संपला.

कोच तिथल्या तिथं नॅडीनला खाली मैदानात बोलावून तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटोला उभे राहिले. रेडिओवाला पळत आला. "मिसेस प्रुइट, अखेर मुलाला खेळताना पाहिलंत! काय वाटतंय?"

नॅडीननं खांद्यावरचा हात बाजूला केला. "माझा मुलगा चार वर्षं खेळतोय," ती म्हणाली. "तीन वर्षं मी रोज बघितलं. यंदा यांनी कापड लावलं. आज तो खेळला नाही. आज त्याला उभा केला." रेडिओवाल्यानं घाईघाईनं जाहिरात लावली.

परतताना कॉय गाडीत बुटांचे बंद सोडत बसला होता. तिला वाटलं, आता हा आपल्यावर चिडणार. घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "आई, कपड्यांना मातीसुद्धा लागली नाही गं." मग खिडकीबाहेर बघत राहिला. "मला वाटलं होतं, एकदा तरी धडकायला देतील. हजारो लोकांसमोर मला बाहुलं करून ठेवलं. एकच आठवडा राहिलाय. शेवटचा सामना बाहेर आहे, तिथं मला नेणार पण नाहीत. गुरुवारी सराव झाला की संपलं. आता शपथ नाही, काही नाही. तुला काय करायचं ते कर."

गुरुवारी नॅडीननं शेवटचं पोर उतरवलं आणि बस डेपोत लावली. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक छोटी लाल आकडी टांगलेली असते, आतल्या बाजूला पातं असलेली. अपघात झाला तर पोरांचे सीटचे पट्टे कापायला. नियमच आहे तसा. इतक्या वर्षांत तिला ती कधी वापरायची पाळी आली नव्हती, आणि त्याबद्दल ती देवाचे आभार मानायची. त्या दिवशी तिनं ती काढून जाकिटाच्या खिशात टाकली आणि मिस्टर होइटना घरून उचललं.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"सरावाला. आणखी कुठं?"

दोघांनी कापडासमोर खुर्च्या मांडल्या. आतून शिट्टी वाजली. नॅडीननं आकडी कापडात अडकवली आणि खाली ओढली. कापड टर्रकन फाटलं, चेहरा बसेल एवढं. तिनं डोळे लावले.

चिखल होता आत. सकाळचा पाऊस. पहिल्यांदा तिला नुसतीच हेल्मेटं दिसली. मग तिनं त्याला चालीवरून ओळखलं, डावा खांदा जरा पुढं, अगदी रॉयसारखा. आज तो एकतीस होता. चेंडू सुटला, समोरून आपला दांडगा गडी आला आणि कॉय त्याच्या पोटात असा घुसला की दोघंही चिखलात लोळले. आधी कॉय उठला. त्यानं त्या गड्याला हात दिला. आणि तो हसत होता.

"ठोक त्याला!" नॅडीन ओरडली. "ठोक, कॉय!"

आतला सगळा सराव थांबला. कोच वळून कापडाकडं बघायला लागले. कॉयनं हेल्मेट काढलं आणि चिखलानं माखलेला हात वर केला. तोवर ड्युई धापा टाकत बाहेरून आलाच.

"मिस नॅडीन, अहो, काय केलंत हे! कॉलेजची मालमत्ता आहे ती! मला पोलिसांना बोलवावं लागेल!"

"बोलव," ती डोळा न हलवता म्हणाली. "ते पण माझ्याच बसमधले आहेत."

ड्युई टोपी चुरगाळत उभा राहिला. आतून कोचचा आवाज आला, "ड्युई! तिला हटव तिथून!" ड्युईनं कापडाकडं बघितलं, बाईकडं बघितलं, आणि मग फाटकाकडं असा सावकाश चालत गेला की जणू त्याला ऐकूच आलं नव्हतं.

मिस्टर होइट खुर्चीत चुळबुळत होते. "काय चाललंय गं? मला सांग की. पोरगं कसं खेळतंय?"

नॅडीन चिरेपासून मागं सरली. गालावर कापडाचा हिरवा रंग लागला होता.

"सांगत नाही," ती म्हणाली. "खुर्ची पुढं घ्या." आणि तिनं त्यांच्या तोंडासमोर कापडात आकडी अडकवून दुसरी चीर पाडायला घेतली.