जगदेवीनं बंद केलेलं दार

आळंदच्या आमच्या खाजगी दवाखान्यात जगदेवी संगणकाचं काम बघायला आली, तेव्हा मी नावनोंदणीच्या टेबलावर बसत होते. ती मादन हिप्परग्याच्या बिराप्पांची लेक. आजोबांपर्यंत मेंढरं राखणारं घर, ही मात्र कलबुर्गीला जाऊन संगणक शिकलेली. बोलायची कमी, पण गलिच्छपणा दिसला की तिचं तोंड लगेच वाकडं व्हायचं.

आल्या आल्याच झालं. सगळ्या पेशंटांचे रिपोर्ट एका सर्व्हरवर आणि बाहेरगावचे डॉक्टर ते घरून उघडणारे. पण सगळ्यांना नाव एकच, पासवर्डही एकच, दवाखान्याचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही तो तोंडपाठ. नोकरी सोडून गेलेल्यांचाही तोच.

ती तडक मॅनेजर चनमल्लप्पांकडं गेली. "अण्णा, बाहेरून कोणकोण आपल्या सर्व्हरचं दार ढकलून बघायलेत, मोजता येईना. आतले किती, बाहेरचे किती, काही कळंना. सार्वजनिक मुतारीला तरी कडी असती!"

चनमल्लप्पा हसले. "आपल्याकडं काय सोनं ठिवलंय, अक्का? चालायलंय तसं चालू दे. डॉक्टर लोकांना तरास नको."

आठवडाभरानं कोहिनूर गावची शिवगंगा आईसोबत आली. तिला फिट येतात, आमच्याकडंच तिचं औषधपाणी. लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना तिनं स्वतःच सांगायचं ठरवलं होतं, पण त्याआधीच तिचा रिपोर्ट त्यांच्या फोनवर पोचला. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'नवरी मांडवात पडंल, खाट तयार ठिवा.' पुढं हसण्याची चित्रं.

त्यांनी तो शिवगंगेला पाठवला होता. तिनं आपला फोन जगदेवीच्या हातात दिला. तो स्क्रीनचाच फोटो होता. कोपऱ्यात, स्क्रीनच्या काचेत उमटलेला फोटो काढणाऱ्याचा गोल चेहरा, काळा चष्मा लावलेला. मी लगेच ओळखला. वीरेश. चनमल्लप्पांचा भाचा, वर्षापूर्वी इथलं काम सोडून कलबुर्गीला गेलेला. पुढं कळलं, तो घरी बसून आमच्या पेशंटांचे कागद उघडायचा आणि मित्रांना हसायला पाठवायचा. तेही बायकांचेच जास्त. त्यातलाच हा पुढं पुढं जात मुलाकडच्यांपर्यंत गेला होता.

जगदेवी उठून बेसिनपाशी गेली. तिला उलटी झाली.

चनमल्लप्पा आले. आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगं हाय, चुकलं. कोण कवा आत आलं त्याची नोंद पुसून टाक. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे."

"कुणाच्या घरातली, अण्णा? हिच्या का तुमच्या?" जगदेवी म्हणाली. "मी न्हाई पुसणार. ती नोंद मी पोलिसांना देणार हाय. आणि तुमच्या तोंडून पोरगं म्हणलेलं ऐकून मला अजून ढवळायलंय."

त्याच दुपारी तिनं थेट बाहेर उघडणारं दार बंद केलं. बाहेरून यायचं तर आधी व्हीपीएनमधून, म्हणजे फक्त आपल्याच माणसांसाठी राखलेल्या बंद वाटेनं यायचं. प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःची डिजिटल किल्ली, आणि वर फोनवर येणारा आकडा. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढंच दिसणार. सोडून गेलेल्यांची नावं तिनं एकेक करून काढून टाकली. एक डॉक्टर फोनवर ओरडले, "मी काय चोर हाव का?" ती म्हणाली, "न्हाई सर. म्हणूनच तुमच्या नावानं दुसरं कोण घुसू ने."

शिवगंगेच्या वडिलांसोबत ती तक्रार द्यायला गेली. वीरेशचा फोन जप्त झाला. त्यात आमच्या कितीतरी बायकांचे रिपोर्ट निघाले. केस चालू आहे. मालक डॉक्टरांनी चनमल्लप्पांना काढलं नाही, फक्त त्यांची खोली बदलली. ते अजून जेवणानंतर टूथपिक घोळवत आमच्या टेबलापाशी येतात, सगळ्यांची चौकशी करतात. मला त्यांचा चहासुद्धा नको वाटतो.

लग्न मोडलंच. शिवगंगा म्हणते, ज्यांनी ते वाचून हसून घेतलं, त्या घरात तिला जायचंच नव्हतं.

परवा ती औषधाला आली, तेव्हा जगदेवीनं तिला स्क्रीन वळवून दाखवला. तिचा रिपोर्ट आता कोण कोण उघडतं त्यांची नावं. दोनच होती, तिचे डॉक्टर आणि औषध देणारी पवित्रा.

शिवगंगेनं ती वाचली. "तरी अंगावर घाण पडल्यासारखं वाटायलंय, अक्का."

"व्हय," जगदेवी म्हणाली. "मला बी."