कुकरवाल्या सरांनी विहिरीत काय ओतलं?

आमच्या गावच्या कॉलेजच्या अध्यक्षांनी तिथं शिकवणाऱ्या कुकरवाल्या सरांना फसवलं. विष अध्यक्षांच्या कारखान्याचं होतं, आणि आळ आला सरांच्या जंतूंवर.

सरांचं आडनाव गावात कुणी घेत नसे. वडवणीच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. तिथं ते पहिल्यांदा आले ते सगळ्यात मोठा कुकर मागत. घरात माणसं किती, असं विचारलं तर म्हणाले, "मी एकटाच. यात जंतू मारायचेत." मी किंमत सांगितली, त्यांनी लगेच खिशात हात घातला. मी हातगाडीवर भांडी विकून वर आलेला माणूस. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला अपमानासारखं वाटतं.

"अहो सर, भाव तरी करा!"

"तुम्ही सांगितला तोच खरा असेल."

डोकंच फिरलं माझं. शेवटी मीच माझ्याशी भांडून भाव उतरवला आणि पुटपुटत कुकर पोत्यात बांधून दिला.

सरांच्या हाताखाली चार विद्यार्थी होते. त्यांत माझी थोरली, सुमन. विद्यापीठातल्या एका मित्राच्या मदतीनं त्यांनी जंतूंमध्ये असा फेरफार केला होता, की पाण्यात धातूचं विष असलं की ते निळे पडायचे, नसलं की पांढरेच राहायचे. काम झालं की सगळ्या नळ्या कुकरमध्ये. एकही जंतू जिवंत बाहेर जाता कामा नये, हा सरांचा दंडक. "आपण घडवलंय ना त्यांना? मग राखणही आपलीच," असं म्हणायचे. सुमनची आई कुरकुरायची, "घरी भात करपवती अन् तिकडं जंतू शिजवती!"

भांडं रिकामं परत करू नये ही रीत आमच्याकडं बायका पाळतात. सर पुरुष असून पाळायचे. माझ्या दुकानातून पाण्यासाठी कळशी न्यायचे, ती परत येताना तिच्यात भुईमुगाच्या शेंगा, चिंचा, काहीच नसलं तर निदान जास्वंदीचं एक फूल. पाण्याशीही त्यांचा तोच व्यवहार. तपासायचं पाणी वेगळं काढायचं, जंतू त्यातच सोडायचे. बाटल्यांत जादा आणलेलं, हात न लावलेलं पाणी ज्या विहिरीचं त्याच विहिरीत नेऊन ओतायचं. उन्हाळ्यात आमच्याकडं विहिरीत हंडा बुडत नाही, हे त्यांना माहीत होतं.

मी एकदा म्हणालो, "सर, लोक बघत्यात. ओढ्यात ओता की."

"तिच्याकडून आणलं, उरलं ते तिचं," एवढंच म्हणाले आणि हसले.

सरकारचं नवं उद्योगधोरण आलं, परवान्यांची अट गेली, तेव्हा अध्यक्षांनी वसतिगृहामागं नळाच्या तोट्यांना क्रोम धातूची चकाकी चढवायचा कारखाना काढला होता. त्याचं सांडपाणी ओढ्यात, आणि ओढ्याला लागून पोरींच्या वसतिगृहाची विहीर. त्या विहिरीच्या पाण्यात जंतू निळे पडले. सरांनी तीनदा तपासलं, मग अध्यक्षांना एकट्यात गाठून सांगितलं. "बोभाटा करू नका, सर. पोरींसाठी टँकर लावतो," अध्यक्षांनी शब्द दिला. सरांनी तो तसाच घेतला, जसा माझा भाव घेतला होता.

टँकर आला नाही. पोरींना उलट्या सुरू झाल्या. आईबाप गोळा झाले, तेव्हा सभेत अध्यक्ष उभे राहिले. "हे सर विहिरीत बाटल्या ओततात. लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. विचारा त्यांनाच."

"ओतल्या का, सर?" कुणीतरी विचारलं.

सर म्हणाले, "हो. पण ते तिचंच पाणी..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. सुमन ओरडून सांगत होती, तिला खाली बसवलं. मग मी उठलो. "सरांच्या जंतूंनी पाणी नासलं म्हणता, मग तुमच्या कारखान्यात प्यायचं पाणी आधीपासून बाहेरून का येतंय बे?" क्षणभर सगळी सभा हसली. मग गप्प झाली, कारण निम्म्या घरांतली पोरं त्याच कारखान्यात होती. भर सभेत अध्यक्षांना 'बे' म्हणालो ही माझी चूक, असं लोक अजून म्हणतात. म्हणू देत.

सरांची नोकरी हंगामी होती. ती गेली. निघायच्या दिवशी ते कुकर घेऊन दुकानात आले. म्हणाले, "हा सुमनला द्या. तिला लागेल." मी झाकण काढलं. आत काठोकाठ सीताफळं. मी उगाच ओरडलो, "अहो, एवढी फळं कोण खाणार?" सर एसटीत चढले. पुन्हा कधी आले नाहीत.

सुमन आता बीडला पाणी तपासते. तिच्याकडं चांगली यंत्रं आहेत, तरी तो कुकर तिनं मोडीत काढू दिला नाही. मागच्या उन्हाळ्यात तिनं त्या विहिरीचं पाणी नेऊन तपासलं. विष अजून आहे. सरांना जाऊन एवढी वर्षं झाली, त्यांचे जंतू कधीच संपले, मग हे आलं कुठून?

अध्यक्षसाहेब, तुमचे सत्कार अजून चालू आहेत, म्हणून इथं विचारतो. सरांनी काय ओतलं ते त्यांनी भर सभेत कबूल केलं. तुमच्या कारखान्यानं काय ओतलं, ते आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोर उभं राहून सांगा. जन्मभर मी प्रत्येक सौद्यात घासाघीस केली. यात करणार नाही.