शिंकेची धास्ती

ओव्याच्या धुरीचा वास आला की मला निजामाच्या काळातलं परंडा आठवतं. पहिल्या बाळंतपणानंतर शिंकलं किंवा घागर उचलली की माझं लुगडं ओलं व्हायचं. लाजेनं मी लग्नकार्यांना जाणं सोडलं, हसणंही सोडलं. शेजारच्या म्हाताऱ्या मुसलमान मावशींनी, आमच्या खालांनी, ते ओळखलं. म्हणाल्या, "बेटी, लघवी अडवताना जे आवळतं, तेच भाकरी थापताना आवळ अन् सोड. दम कोंडू नको." मी विचारलं, "खाला, यानं खरंच बरं व्हतंय?" "व्हय, पण सबुरीनं. माझंबी असंच झालतं." मी रोज करत राहिले. पुढं नणंदेच्या हळदीत बायकांनी सोंगं काढली, तेव्हा मी पोट धरून हसले अन् लुगडं कोरडंच राहिलं. आता मी घरातल्या प्रत्येक बाळंतिणीला हे न लाजता सांगते.