खिचडीचे नऊ हजार फोटो

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कबूल करते, पण त्याची लाज मला कधी वाटली नाही. सत्तावीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत काढल्यावर ज्याचा स्वभाव संशयी होत नाही, त्याने एक तर रजा फार घेतल्या असाव्यात किंवा तो जन्मजात साधू असावा. शेवटची अकरा-बारा वर्षे मी वर्ध्याजवळच्या सेलू तालुक्यातल्या एका गावी मुख्याध्यापिका होते. खडूच्या पेटीपासून पाण्याच्या टाकीच्या झाकणापर्यंत सगळं माझ्या नावावर, आणि काही कमी-जास्त झालं की वरून प्रश्न मलाच.

एका वर्षी कोणीतरी अर्ज केला की खिचडीत पाल पडली होती. पाल पडली नव्हती. पण ती पडली नव्हती याचा पुरावा कुठून आणायचा? तीन महिने मी जबाब लिहीत बसले. त्यानंतर गावाने लोकवर्गणीतून शाळेला टॅबलेट घेऊन दिला, तेव्हा मी एक नियम केला. रोज खिचडीचे फोटो काढायचे. पहिला, शिजवण्याआधी ओट्यावर मांडलेल्या सामानाचा. दुसरा, चुलीवरच्या गंजाचा, म्हणजे मोठ्या पातेल्याचा, स्वयंपाकीण बाजूला उभी. तिसरा, पंगतीत बसलेल्या मुलांचा. चौथा, नळापाशी घासून पालथ्या घातलेल्या गंजाचा. मुलं गंज घासायच्या आधीच विचारायची, मॅडम, फोटो झाला का?

काढलेले फोटो मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. फोटो काढला की काम झालं, असा आपल्याकडे हिशेबच आहे. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. नंतर झाड जगलं का, हे कोण बघतं?

आमची स्वयंपाकीण गावातलीच, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, अगदी कमी बोलणारी. हाताला चव होती म्हणे. म्हणे म्हणते, कारण चव रजिस्टरमध्ये मी रोज 'चव घेतली, उत्तम' असं लिहायचे, पण मला आम्लपित्ताचा त्रास असल्याने चमचा क्वचितच तोंडाला लावायचे. तिच्याकडे स्टीलचा एक कडीचा डबा होता. दुपारी शाळेतून निघताना तो तिच्या हातात असायचा आणि त्यावर पदर असायचा. पदर पाहिला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. माणूस झाकतो ते कशासाठी? मी आठवडाभर लक्ष ठेवलं. रोज डबा, रोज पदर. तांदूळ नेत असेल, नाहीतर डाळ, नाहीतर शिजलेली खिचडी. एक दिवस ती फाटकातून बाहेर पडत असताना मी ओसरीवरून फोटो काढला.

तो फोटो मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दाखवला. टॅबलेट हातोहात फिरला, सगळ्यांनी माना डोलावल्या. डबा उघडून बघावा असं कोणालाच वाटलं नाही, कारण आत काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तिला बोलावून विचारलं, काही सांगायचं आहे का. ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली, असं मी धरलं. जूनपासून तिच्या जागी दुसरी बाई आली आणि ही लोकांच्या वावरात कामाला जाऊ लागली. गावात तिला काय म्हणत होते ते मला ऐकू येत होतं. मुलांच्या तोंडचा घास खाणारी. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, मला शिस्त लागल्यासारखं वाटलं.

मी नोव्हेंबरअखेर निवृत्त होणार होते. त्या महिन्याच्या सुरुवातीला पंचायत समितीतून पत्र आलं. तिने अर्ज केला होता की तिला खोट्या आरोपावरून काढलं. बचत गटातल्या बायांनी तिला अर्ज लिहून दिला असणार. सुनावणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मी खुर्चीवरून उतरल्यावर. आता तिचं म्हणणं खरं ठरलं तर मी खोटी, आणि माझं खरं ठरलं तर ती चोर. मधली जागा नव्हती. आणि माझा सगळा पुरावा त्या टॅबलेटमध्ये, जो शाळेच्या मालमत्तेच्या डेडस्टॉक रजिस्टरवर नोंदलेला, म्हणजे चार्ज देताना माझ्या जागी येणाऱ्या नव्या गुरुजींच्या हातात जाणार.

नवे गुरुजी गोड बोलणारे. त्यांनी दोनदा विचारलं की टॅबलेट चालू स्थितीत आहे ना, आणि म्हणाले की मेमरी भरली असेल तर मी सगळं पुसून नवा करून घेतो.  यांना पुसायची एवढी घाई का? स्वयंपाकिणीच्या नवऱ्याशी त्यांची ओळख तर नसेल? चौकशी केली तर ते आंजी गावचे निघाले आणि त्यांची इथे कोणाशीच ओळख नव्हती. तरी माझा संशय गेला नाही. ओळख नसण्याचं सोंगही आणता येतं.

मग मी वर्ध्याला जाऊन हार्डडिस्क आणली. दुकानदार म्हणाला, ताई, टॅब ठेवून जा, संध्याकाळपर्यंत सगळं कॉपी करून देतो. मी टॅबलेट पिशवीत घातला आणि पिशवी मांडीवर घेतली. माझे नऊ हजार फोटो परक्याच्या दुकानात दिवसभर ठेवायचे? त्यातले चार त्याने काढून टाकले तर मला कळणार कसं? शेवटी त्यानेच हसत हसत कसं करायचं ते सांगितलं आणि मी वहीत एक एक पायरी लिहून घेतली. टॅबलेट वायरने लॅपटॉपला लावायचा, स्क्रीनवर 'फाइल ट्रान्सफर' दाबायचं, फोटोंचा फोल्डर उघडायचा, हार्डडिस्कमध्ये टाकायचा. 'कॉपी' करायचं, 'कट' नाही. हे मी दोनदा अधोरेखित केलं.

रविवारी सकाळी मुलीचा जुना लॅपटॉप काढला. हार्डडिस्क नवी, म्हणून आधी तिला हळदकुंकू लावलं. आमचे हे खाटेवर बसून शेंगा सोलत होते. ते म्हणाले, "वायर घालाच्या भोकात नको लावजो कुंकू." मी भोक पदराने पुसून घेतलं.

एकदम सगळे फोटो टाकले तर पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली. टॅबलेटची स्क्रीन झोपी गेली की वायरीतून जाणंही थांबायचं. पुन्हा सुरू केलं तर लॅपटॉप विचारू लागला की या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का. मी कशाला बदलू? ज्याने विचारलं त्याचाच मला संशय. मग मी एक एक महिना वेगळा करून टाकत बसले, दर दोन मिनिटांनी टॅबलेटला बोट लावत. हे दोनदा चहा ठेवून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले की तुले तं देवावरबी भरोसा नाई. मी म्हटलं, देवाचा फोटो काढता येत नाही म्हणून नाही.

संध्याकाळी दोन्हीकडचे आकडे जुळवले. नऊ फोटोंचा फरक आला. ते नऊ कोणते? पट्टी थांबली तेव्हा सुटले असतील, असं कोणीही म्हटलं असतं. मी म्हटलं नाही. मी चव रजिस्टरच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. पुढचे दहा-बारा दिवस शाळेतून आल्यावर मी एक एक तारीख घेऊन त्या दिवसाचे चार फोटो हार्डडिस्कमधून उघडायचे आणि तारखेवर बरोबरची खूण करायचे. शेवटी ते नऊ सापडले. ते खरंच मधे सुटले होते, पुन्हा टाकले. पण तोपर्यंत मला दुसरंच काही दिसलं होतं.

टॅबलेटचा कोपरा तडकलेला, स्क्रीन मळकट. लॅपटॉपवर तोच फोटो परातीएवढा होतो. पहिल्या फोटोत ओट्यावर तांदूळ, डाळ, तेल, मीठ आणि कडेला तो डबा. झाकण काढलेलं. आत हिरवंगार काहीतरी. मी फोटो मोठा केला. चिरलेला पालक आणि सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर. दुसऱ्या तारखेला शेवग्याचा पाला. तिसऱ्या तारखेला चवळीच्या शेंगा, वर दोन टमाटर. आठवडी बाजारातून शाळेसाठी आणलेली भाजी तीन-चार दिवसांत संपायची किंवा सडायची. मग पुढचे दिवस खिचडीत भाजी कुठून येत होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. रजिस्टरवर 'भाजी आहे' इथे खूण करायची असते, ती मी करत होते.

मग चौथा फोटो उघडला.  घासून पालथा घातलेला गंज, आणि त्याच्या शेजारी पालथा घातलेला डबा. त्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी, मागच्या वर्षी, त्याच्या मागच्या वर्षी. ती डबा भरून आणत होती आणि धुऊन रिकामा नेत होती.

मग मी फाटकातला तो फोटो उघडला, जो बैठकीत फिरला होता. मोठा केला. डब्याचं झाकण डब्यावर नव्हतंच, ते तिच्या दुसऱ्या हातात होतं. पदर डब्याच्या आत होता. ती ओला डबा पुसत चालली होती.

 मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन काही काम नसताना डाळ निवडत बसले. लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं. स्वतःला वाचवण्यासाठी दहा वर्षे जमवलेल्या ढिगात मीच सापडले होते. यांना सांगितलं. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"तुले पुरावा पायजे होता नं," ते म्हणाले. "भेटला."

मनात जे आलं तेही लिहिते. हे फोटो पाहायची चिकाटी जगात फक्त माझ्यात होती. गुरुजी टॅबलेट पुसणार होते. हार्डडिस्क माझी, माझ्या कपाटात. सुनावणीत फाटकातला एकच फोटो पुरे होता, समितीला तो पुरला होताच. माझ्या निवृत्तीला गालबोट लागलं नसतं. दोन दिवस मी या विचारात होते, आणि ते दोन दिवस माझा सगळ्यांवरचा संशय पार गेला होता, कारण तो सगळा माझ्याच वाट्याला आला होता.

चार्ज देताना गुरुजींनी विचारलं, सगळं पुसू ना? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्यासमोरच पुसलं. आता त्या नऊ हजार फोटोंची एकच नक्कल उरली होती.

सुनावणीला ती थेट कापूस वेचून आली होती. लुगड्याला जागोजागी कापसाचे धागे चिकटलेले. पंचायत समितीतल्या साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, ती बसली नाही म्हणून मीही बसले नाही. मी लॅपटॉप उघडला, हार्डडिस्क लावली आणि साहेबांना एका महिन्याचे फोटो तारखेप्रमाणे दाखवले. पहिला आणि चौथा, पहिला आणि चौथा. मग फाटकातला मोठा करून दाखवला.

"हिने काही नेलं नाही," मी म्हणाले. "ही घरून आणत होती. आरोप मी केला होता, तो खोटा आहे."

 साहेबांनी तसं लिहून घेतलं. मग ते म्हणाले की नाव मोकळं होईल, पण जागा भरलेली आहे, दुसऱ्या बाईची काही चूक नाही, पुढच्या वर्षी समितीने ठरवावं. तिने मान हलवली. तेवढ्यावर ती निघालीच असती, पण साहेबांनी तिला विचारलं की बाई, समितीने विचारलं तेव्हाच हे का नाही सांगितलं. दोन वाक्यांत मिटलं असतं.

तिने साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. बैठकीत पाहत होती तसंच.

"मॅडम रोज फोटो काढत होत्या," ती म्हणाली. "डबा समोरच राहे. मले वाटे, त्याईले मालूम हाये. मालूम असूनबी मले कामावरून काढून राह्यल्या, तं मंग मी काय बोलू?"